ज्यांच्यावाचून कुणाचं अडत नाही



महाराष्ट्रात मुलांबद्दल पुष्कळ बोललं जातं, पण ते बहुतेक दोन टोकांच्या मुलांबद्दल. एक बालवाडीतलं आणि दुसरं दहावीचं. बालवाडीतल्या मुलासाठी आपल्याकडे जवळपास शंभर वर्षांची चळवळ आहे, गाणी आहेत, खेळणी आहेत. दहावीच्या मुलासाठी क्लास आहेत, समुपदेशक आहेत, निकालाच्या वेळी वर्तमानपत्रांच्या पुरवण्या आहेत. या दोघांच्या मधे तिसरी ते सातवीतलं, साधारण आठ ते बारा वर्षांचं मूल असतं. त्याला भरवावं लागत नाही आणि ते अजून दार आपटून खोलीत जात नाही. सांगितलं की दप्तर भरतं, उन्हाळ्याच्या सुटीत मामाकडे जातं, परत येतं. त्रास देत नाही, म्हणून त्याच्याकडे लक्षही जात नाही. आज मी या मधल्या मुलाबद्दल एकच म्हणणं मांडणार आहे. या वयाला सर्वांत जास्त गरज असते ती आपल्यावाचून कुणाचं तरी अडतं, या अनुभवाची. आणि आजच्या शहरी, निमशहरी घरांनी आणि शाळांनी नेमका तोच अनुभव त्याच्या दिवसातून काढून टाकला आहे.

या दुर्लक्षाला शास्त्राचाही थोडा आधार मिळालेला आहे. सिग्मंड फ्रॉइडने १९०५ साली मांडलेल्या सिद्धान्तात पाच-सहा वर्षांपासून वयात येईपर्यंतचा काळ हा सुप्तावस्थेचा ठरवला. आधीची वादळं शमलेली, पुढची यायची. आपल्याकडच्या पालकांनी फ्रॉइड वाचलेला नसतो, पण या बाबतीत ते त्याचे पक्के अनुयायी असतात. आता शांत आहे ना, मग अभ्यासाचा पाया पक्का करून घ्या, पुढे ऐकणार नाही, असा सगळा हिशेब. पण शरीराकडे पाहिलं तरी ही शांतता वरवरची ठरते. सहा ते आठ वर्षांच्या सुमारास, बाहेरून काहीही दिसत नसताना, मूत्रपिंडांवर असलेल्या अधिवृक्क ग्रंथी नवी संप्रेरकं अधिक प्रमाणात तयार करू लागतात. मुलींचं वयात येणं आठ ते तेरा आणि मुलांचं नऊ ते चौदा या वर्षांत कधीही सुरू झालं तरी डॉक्टर ते सर्वसाधारणच मानतात. उंची झपाट्याने वाढण्याचा काळ मुलींमध्ये मुलांपेक्षा सुमारे दोन वर्षं आधी येतो. म्हणून सहावी-सातवीच्या वर्गाच्या फोटोत मागच्या रांगेत मुली उभ्या असतात आणि पुढे पाय दुमडून बसलेले मुलगे तिसरीतले वाटतात. एकाच बाकावर पाळी सुरू झालेली मुलगी आणि दुधाचे दात अजून पडत असलेली तिची मैत्रीण बसलेली असते. दोघींचंही वय अकरा, आणि दोघींचीही वाढ ठीक. वय पाहून मूल किती मोठं झालं ते सांगता येत नाही, असं हे वय आहे.

मनाची वाढ याहून मनोरंजक आहे, आणि ती पाहायला प्रयोगशाळा लागत नाही. स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी मुलांच्या नैतिक विचारावरचं आपलं पुस्तक १९३२ साली प्रसिद्ध केलं, ते गोट्या खेळणाऱ्या मुलांशी बोलून. सहा-सात वर्षांच्या मुलांना त्यांनी विचारलं, हे नियम बदलता येतील का? मुलं म्हणाली, छे, ते मोठ्यांनी केलेत, ते तसेच असतात. गंमत अशी की हीच मुलं खेळताना नियम सर्रास मोडत होती. दहा-बारा वर्षांच्या मुलांनी मात्र सांगितलं की सगळ्यांचं एकमत झालं तर नियम बदलता येतो, आणि एकदा ठरलं की पाळावाच लागतो. नियम वरून येत नाही, तो आपण करतो आणि केला म्हणून आपल्याला बांधतो, ही समज मोठ्या माणसांच्या सार्वजनिक जीवनातही नेहमी आढळते असं नाही. ती दहाव्या-अकराव्या वर्षी, धुळीत बसून येते.

आपल्याकडे याचं सर्वांत सुंदर उदाहरण म्हणजे कच्चा लिंबू. लपाछपी किंवा डबा ऐसपैस खेळताना कुणाचा तरी पाच वर्षांचा भाऊ हट्ट धरून येतो. त्याला घेतलं तर खेळ बिघडतो, हाकललं तर तो घरी जाऊन सांगतो. मग टोळीतली मोठी मुलं त्याला कच्चा लिंबू करतात. तो खेळेल, पळेल, लपेल, पण सापडला तरी त्याच्यावर राज्य येणार नाही. या एका तोडग्यात दुबळ्याला सवलत आहे, खेळाची शिस्त शाबूत आहे, आणि ज्याला सवलत दिली त्याचा मानही राखलेला आहे. तो तोडगा कुठल्याही शिक्षकाने शिकवलेला नसतो. सहा वर्षांचं मूल स्वतः कच्चा लिंबू असतं. दहा वर्षांचं मूल दुसऱ्याला कच्चा लिंबू करायचं की नाही ते ठरवतं. माझ्या मते मधल्या वयातली सगळी वाढ या फरकात आहे. आता हाच खेळ सोसायटीच्या क्रीडा शिबिरात, शिट्टी गळ्यात अडकवलेल्या प्रशिक्षकाच्या देखरेखीखाली खेळवला, तर धावणं तेवढंच होईल, कदाचित जास्तच होईल. पण भांडण कुणी मिटवायचं, हा प्रश्न मुलांपुढे येणारच नाही. तो शिट्टीने सुटलेला असेल.

या वाढीची दुसरी बाजू काळी आहे. याच वर्षांत मूल स्वतःला इतरांच्या शेजारी उभं करून मोजायला लागतं. पहिलीच्या वर्गात हुशार कोण असं विचारलं तर बहुतेक हात वर जातात. मानसशास्त्रज्ञ जॉन निकोल्स यांनी १९७०च्या दशकात केलेल्या अभ्यासांत दिसलं की लहान मुलं मेहनत आणि बुद्धी यांत फरक करत नाहीत. जो खूप अभ्यास करतो तोच हुशार, असं त्यांचं गणित असतं. अकरा-बाराच्या सुमारास हे गणित उलटतं. दोघांना सारखे गुण मिळाले आणि एकाने कमी अभ्यास केला असेल, तर हुशार तोच, असं मूल म्हणू लागतं. म्हणजे जास्त मेहनत करणं ही आता अब्रू जाण्याची गोष्ट होते. नेमक्या याच वळणावर आपण मुलाला शिष्यवृत्ती परीक्षेला बसवतो, नवोदयच्या प्रवेश परीक्षेला बसवतो. शिष्यवृत्ती चौथीला घ्यायची की पाचवीला, यावर सरकारदरबारी बराच खल झालेला आहे. त्या वयातल्या मुलाला स्वतःची किंमत जोखायला गुणपत्रकाखेरीज दुसरं काय दिलं आहे, यावर झालेला नाही.

मनोविश्लेषक एरिक एरिक्सन यांनी १९५० साली मानवी आयुष्याचे आठ टप्पे मांडले, त्यात सहा ते बारा या टप्प्याचा पेच उद्यमशीलता विरुद्ध न्यूनगंड असा सांगितला. मला काम जमतं, मी उपयोगी आहे, ही खात्री या वयात झाली तर झाली. नाही तर आपण कमी आहोत ही भावना घर करते. एरिक्सनचे टप्पे फार नीटनेटके आहेत, आयुष्य तसं कप्प्याकप्प्याने चालत नाही, अशी टीका त्यांच्यावर झाली आणि ती रास्त आहे. पण या एका टप्प्याला निरनिराळ्या संस्कृतींच्या अभ्यासातून भक्कम आधार मिळतो. बार्बरा रोगॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ साली जगातल्या पन्नास समाजांची वर्णनं तपासली. धाकट्या भावंडाला सांभाळणं, गुरं राखणं, निरोप पोचवणं अशा जबाबदाऱ्या मुलांवर बहुतेक ठिकाणी पाच ते सात वर्षांच्या दरम्यान येऊ लागतात, असं त्यांना दिसलं. ज्यांचा एकमेकांशी काही संबंध नाही अशा इतक्या समाजांनी साधारण तेच वय निवडावं, हा केवळ रिवाजाचा भाग नसावा. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या बियाट्रिस आणि जॉन व्हायटिंग यांच्या सहा संस्कृतींच्या अभ्यासात उत्तर भारतातलं एक गाव होतं, केनियातली एक वस्ती होती आणि अमेरिकेतलं एक गावही होतं. ज्या घरांत मुलांच्या कामावाचून खरोखर अडत होतं, तिथली मुलं इतरांना मदत करणारी, जबाबदारीने वागणारी आढळली. अमेरिकेतल्या गावातल्या मुलांना काम सगळ्यांत कमी होतं, आणि लक्ष वेधून घेण्याची धडपड जास्त होती.

असं काम आपण मुलांना देतो का? कागदावर देतो. कार्यानुभव नावाचा विषय आहे. त्यात तयार होणाऱ्या पुठ्ठ्याच्या घराची किंवा आइस्क्रीमच्या काड्यांच्या पेन-स्टँडची या जगात कुणालाही गरज नसते. प्रकल्प म्हणून जे काही शाळेत जमा होतं ते बहुतेक घरांत रात्री साडेदहाला आई पूर्ण करते, आणि चित्रं स्टेशनरीच्या दुकानातून छापील मिळतात. शालेय मंत्रिमंडळ असतं, त्यात स्वच्छतामंत्री असतो, शपथविधीचा फोटो काढला जातो, आणि वर्षभर त्या मंत्र्याला एकही निर्णय घेता येत नाही. मुलांना हे सगळं कळतं. आपण केलं नाही तरी काही बिघडत नाही, हे ज्या कामाबद्दल माहीत असतं ते काम करून उद्यमशीलता येत नाही, नाटक येतं. याउलट ग्रंथालयाची वही पाचवीच्या मुलांच्या हाती दिली, पुस्तक कुणाकडे गेलं, कधी परत यायचं, फाटलं तर काय करायचं ते त्यांनी ठरवायचं, आणि त्यांनी कपाट उघडलं नाही तर त्या दिवशी शाळेत कुणालाच पुस्तक मिळणार नाही, असं असेल तर ते खरं काम. जपानच्या प्राथमिक शाळांत मुलं वर्ग, जिने, संडास स्वतः झाडतात-पुसतात आणि पाळीपाळीने वर्गाला जेवण वाढतात. ज्या मुलाची पाळी असते त्याच्यामुळे सगळ्या वर्गाचं जेवण खोळंबू शकतं. ही जोखीम शाळेने जाणूनबुजून पत्करलेली आहे.

यावर पहिला आणि सर्वांत वजनदार आक्षेप असा की हे गोड शब्दांत बालमजुरीचं समर्थन आहे. ज्या राज्यात ऊसतोडीच्या हंगामात दहा-अकरा वर्षांची मुलगी कोपीवर थांबून भाकऱ्या थापते आणि धाकट्याला कडेवर घेते, त्या राज्यात मुलावाचून अडलं पाहिजे असं म्हणणं क्रूर नाही का? हा आक्षेप मी पूर्ण मानतो. त्या मुलीच्या वाट्याला आलेलं काम तिचं शिक्षण, खेळ आणि झोप तिन्ही गिळून टाकतं. तिच्यावाचून अडतं खरं, पण ते इतकं अडतं की तिला मूल असण्याची सवडच उरत नाही. चौदा वर्षांखालील मुलांना कामाला लावण्यावरची बंदी कडकपणे अमलात आली पाहिजे, आणि बालमजुरीविरोधी कायद्याच्या २०१६ च्या दुरुस्तीने कुटुंबाच्या व्यवसायात शाळेनंतर मदत करण्याची जी वाट मोकळी ठेवली तिचा दुरुपयोग होतो का, हे तपासलं पाहिजे. पण मुलाला पिळणारं काम वाईट, म्हणून मुलाला कुठलंच काम नको, हे अनुमान चुकीचं आहे. जास्त मीठ विषासारखं लागतं म्हणून कुणी अळणी जेवत नाही. आपल्या समाजात काही मुलांच्या पानात सगळं मीठ पडलं आहे आणि काहींच्या पानात चिमूटभरही नाही.

ही सीमारेषा कुठे आखायची याचा विचार महाराष्ट्राच्याच भूमीवर दोनदा गंभीरपणे झालेला आहे. ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्याला गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली आणि तिच्यातून नई तालीमची योजना निघाली. सात ते चौदा वयाच्या मुलांचं शिक्षण सूतकताईसारख्या एखाद्या हस्तोद्योगाभोवती गुंफावं, असं त्यात होतं. गांधीजींना शाळेचा खर्चही त्या उत्पादनातून निघायला हवा होता. मला ही योजनेची सर्वांत कच्ची बाजू वाटते, कारण एकदा विक्रीचा हिशेब आला की मुलाकडे पाहायची नजर बदलते. परिषदेने नेमलेल्या झाकीर हुसेन समितीने आपल्या अहवालातच हा धोका नोंदवला होता. आर्थिक बाजूवर भर दिला गेला तर शिक्षक मुलांकडून जास्तीत जास्त काम काढून घेण्यामागे लागतील आणि शिक्षणाचा हेतू मागे पडेल, असा तो इशारा होता. त्यातून मला एक कसोटी सापडते. मुलाच्या कामाची गरज कुणाला तरी खरी असावी, पण त्याच्या उत्पादनावर कुणाचं पोट किंवा नफा अवलंबून नसावा. ग्रंथालयाची वही या कसोटीला उतरते. उसाची मोळी उतरत नाही.

दुसरा विचार कोसबाडचा. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या आदिवासी पाड्यांवर काम सुरू केलं तेव्हा मोठी मुलं शाळेत येत नव्हती, कारण ती गुरं राखत होती आणि मोठ्या मुली धाकट्यांना सांभाळत होत्या. आळस, अज्ञान, पालकांची अनास्था असली सोपी उत्तरं या बायकांनी स्वीकारली नाहीत. मुलं जिथे गुरं घेऊन जात तिथे त्यांनी कुरणशाळा नेली. विकासवाडी या आपल्या केंद्रात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकत्र आणली, म्हणजे कडेवरचं भावंड शेजारच्या खोलीत ठेवून ताईला वर्गात बसता येईल. मुलाची जबाबदारी ही शत्रू मानून ती उपटून न टाकता तिचं ओझं मुलाला पेलेल एवढं कमी करायचं, असा तो मार्ग होता. बालवाडीच्या गाण्यांसाठी आपण ताराबाईंना आठवतो. आठ-दहा वर्षांच्या मुलाबद्दलची त्यांची ही समज मात्र आपण फारशी उचलली नाही.

मुलींचा प्रश्न इथे संपत नाही, आणि दुसरा आक्षेप तिथूनच येतो. घरात कामं द्या म्हटलं की ती मुलींनाच दिली जातात, आणि मग माझा युक्तिवाद जुन्या अन्यायाला नवं शास्त्र पुरवतो, असं कुणी म्हणेल. २०१९ च्या राष्ट्रीय वेळ-वापर पाहणीत सहा वर्षांवरच्या स्त्रियांपैकी सुमारे ८१ टक्के विनामोबदला घरकाम करत होत्या, पुरुषांपैकी जेमतेम २६ टक्के. जे करत होते त्यांतही स्त्रियांचा दिवसाचा सरासरी वेळ २९९ मिनिटं आणि पुरुषांचा ९७ मिनिटं. ही दरी नोकरी लागल्यावर किंवा लग्नानंतर पडत नाही. ती चौथीतल्या मुलीला पोळ्या लाटायला बोलावून तिच्या भावाला अभ्यासाला बसवलं जातं तिथे पडते. तेव्हा माझं म्हणणं उलट आहे. या वयातला मुलगा हा महाराष्ट्रातला सर्वांत जास्त वंचित प्राणी आहे, त्याला कुणी काहीच करू देत नाही. मुलीचं काम निम्मं करा आणि ते निम्मं मुलाला द्या. दोघांचंही भलं होईल.

तिसरा आक्षेप शिक्षकांकडून येतो. ‘असर’ या शैक्षणिक पाहणीच्या २०२४ च्या अहवालानुसार ग्रामीण भारतात पाचवीतली जवळपास निम्मीच मुलं दुसरीच्या पातळीचा उतारा वाचू शकतात. आधी वाचायला तर शिकवू, मग कपाटाच्या किल्ल्या देऊ. वाचन आलंच पाहिजे यात वाद नाही, आणि कामातून सगळं आपोआप येतं या भाबड्या कल्पनेतही मी नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात रस्त्यावर शहाळी आणि लिंबं विकणाऱ्या काही मुलांचा अभ्यास १९८५ साली प्रसिद्ध झाला. विक्री करताना त्यांचे हिशेब ९८ टक्के बरोबर येत, आणि तीच गणितं कागदावर नुसत्या आकड्यांत घातली की ३७ टक्के. अलीकडे कोलकाता-दिल्लीच्या बाजारांतल्या मुलांवर झालेल्या मोठ्या अभ्यासातही असंच दिसलं, आणि त्याच्या जोडीला हेही, की शाळेत नीट शिकणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब जमत नाही. याचा अर्थ बाजार शाळेचं काम करू शकत नाही आणि शाळा बाजाराचं. दोन्ही बाजू जोडणारं कुणीतरी लागतं, आणि ते शिक्षकाचं काम आहे. पाचवीतल्या ज्या मुलाला उतारा वाचता येत नाही, त्याला दुसरीच्या मुलांना रोज गोष्ट वाचून दाखवायची जबाबदारी द्या. त्या मुलांसमोर अडखळायला नको म्हणून तो आदल्या दिवशी ती गोष्ट पाच वेळा वाचेल. दुसरीची पुस्तकं वाचायला लावल्याचा अपमानही त्यात नाही, कारण पुस्तक त्याच्यासाठी नाहीच, ते धाकट्यांसाठी आहे.

एक शास्त्रीय शंका राहते. काम करणारी मुलं पुढे चांगली निघतात असं म्हणताना मी कारण आणि परिणाम उलटसुलट तर करत नाही ना? जॉर्ज आणि कॅरोलाइन व्हेलंट यांनी १९८१ साली बॉस्टनच्या गरीब वस्त्यांतल्या ४५६ पुरुषांचा त्यांच्या लहानपणापासूनचा आलेख मांडला. घरची कामं, शाळा, छोट्या नोकऱ्या यांत ज्यांनी लहानपणी मन लावून भाग घेतला होता, त्यांचं मध्यमवयातलं मानसिक आरोग्य आणि नातीगोती जास्त चांगली होती. बुद्ध्यंकापेक्षा किंवा घरच्या परिस्थितीपेक्षा हा धागा अधिक बोलका होता. तरी हा अभ्यास फक्त मुलग्यांचा, एका शहराचा, आणि सहसंबंधाचा. मुळातच खंबीर असलेली मुलं कामही करत असतील आणि पुढे सुखीही होत असतील, हे शक्य आहे. म्हणून त्यावर मी फार भार टाकत नाही. माझ्या म्हणण्याचा खरा आधार त्या वयाच्या क्षमतांत आहे. नियम करण्याची, दुसऱ्याच्या जागी उभं राहून पाहण्याची, उद्याचं आज ठरवण्याची शक्ती या वर्षांत येते, हे पुरेसं सिद्ध आहे. आलेल्या शक्तीला वापर दिला नाही तर काय होतं, ते पाहायला दहावी-बारावीच्या मुलांच्या तक्रारी ऐकाव्यात. अठराव्या वर्षापर्यंत ज्याने एक गॅस सिलिंडरही बदललेला नाही, त्याने वसतिगृहात गेल्यावर एकदम स्वतंत्र व्हावं अशी आपली अपेक्षा असते.

रहदारी, अनोळखी माणसं, अत्याचार यांची पालकांना वाटणारी भीती खरी आहे आणि तिला तर्काने उत्तर देता येत नाही. मी एवढंच म्हणेन की जबाबदारीसाठी मुलाला चौकात एकटं सोडावंच लागतं असं नाही; ती घरात, इमारतीच्या जिन्यात, शाळेच्या आवारात देता येते. वेळ कुठून आणायचा, हा प्रश्न मात्र मला पटत नाही. आठवड्यात अबॅकस, कराटे, गाणं आणि स्कॉलरशिपचा क्लास बसतात, तर त्यात आजीच्या औषधांचा हिशेब बसायला हरकत नाही.

आपल्यापैकी बरेच जण शाळांच्या व्यवस्थापन समित्यांवर आहात, बरेच जण शिक्षक आहात. जूनच्या पहिल्या बैठकीत एक ठराव आणा. शाळेतलं एक काम, ग्रंथालय, पाण्याच्या टाक्या, खेळाचं साहित्य, दुसरीचं वाचन, जे काही असेल ते, पूर्ण वर्षासाठी चौथी ते सातवीच्या मुलामुलींकडे सोपवावं. त्याला गुण नसावेत, बक्षीस नसावं, वार्षिक स्नेहसंमेलनात त्याचा सत्कारही नसावा. आणि पहिल्या दोन महिन्यांत गोंधळ झाला, पुस्तकं हरवली, टाकी रिकामी राहिली, तर शिक्षकांनी ते काम परत आपल्या हातात घेऊ नये, एवढं मात्र ठरावात स्पष्ट लिहा.